भिंतीचा रंग आणि वैद्याची दृष्टी

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकाम निघते. याच सुमारास चिकित्सालयात एक अनुभव वारंवार येतो. तमक श्वासाचा, आटोक्यात असलेला रुग्ण एकाएकी वेग घेऊन दाराशी उभा राहतो. पथ्य पाळलेले असते, औषधात खंड नसतो. खोदून विचारल्यावर समजते की, चार दिवसांपूर्वी निजायच्या खोलीला रंग दिला. चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंत रज आणि धूम यांची गणना केली आहे. जुना रंग खरवडताना उडणारी धूळ आणि ओल्या रंगातून निघणारी बाष्पे ही त्याच हेतूंची आजची रूपे म्हणता येतील. निदानपरिवर्जन सांगणाऱ्या वैद्याने म्हणूनच या विषयाचा थोडा परिचय करून घेणे इष्ट आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने चिकित्सालयाच्या दारांसाठी ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा तेलरंग आणला. तो पातळ करण्यासाठी टर्पेंटाइन वापरले गेले आणि पुढील आठवडाभर प्रतीक्षाकक्षात खोकल्याची उबळ थांबेना. टर्पेंटाइन सरल वृक्षाच्या निर्यासापासूनच मिळते; तरी त्याची बाष्पे श्वसनमार्गाला क्षोभक असतात. हरताळ, मनःशिला, हिंगूळ ही खनिजे निसर्गातलीच आणि रंगासाठीही वापरली गेलेली. परंतु शोधनाशिवाय आपण ती रुग्णाला देत नाही. मग डब्यावरील एका शब्दावर विश्वास का ठेवावा? आहाराच्या परीक्षेसाठी चरकाचार्यांनी प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आयतने सांगितली. त्यांतील काही रंगालाही लावून पाहू.

प्रकृती

भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम 2016 मध्ये झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून तो लागू आहे. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच खरेदी करावी. तेलरंगापेक्षा पाण्यात मिसळणारा, कमी बाष्पशील द्रव्यांचा रंग श्रेयस्कर. मात्र दुकानात छटा मिसळताना घातलेल्या रंगद्रव्यांमुळे बाष्पे वाढू शकतात. पाण्याच्या रंगातील परिरक्षक द्रव्यांमुळे काहींच्या त्वचेला कंडू व पिटिका येतात. वास नाही म्हणजे दोष नाही, असेही समजू नये.

गाईच्या शेणापासून केलेला ‘खादी प्राकृतिक पेंट’ 12 जानेवारी 2021 रोजी बाजारात आला. तो डिस्टेंपर व इमल्शन अशा दोन प्रकारांत मिळतो. त्यातही शेणाखेरीज इतर घटक असतातच. तेव्हा परीक्षा त्यालाही चुकत नाही.

चुना : आपला जुना सोबती

सुधावर्गातील चुना वैद्यांस सुपरिचित आहे. चुनकळी पाण्यात विरवून, काही दिवस मुरवून, गाळून दुधासारखी पातळ करावी. भिंत प्रथम पाण्याने ओलसर करून पातळ हात द्यावेत. एक हात वाळल्यावर दुसरा. लावताना तो पारदर्शक भासतो, वाळताना पांढरा होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर बनतो. त्याच्या तीव्र क्षारधर्मामुळे बुरशी सहजासहजी धरत नाही आणि भिंतीतील ओलावा बाहेर पडू शकतो. अंगाला रंग लागू नये म्हणून थोडा डिंक किंवा सरस मिसळण्याची रीत आहे. छटेसाठी गेरू अथवा पिवळी माती घ्यावी. हळद मात्र चुन्याच्या संयोगाने लाल होते आणि प्रकाशात विटते.

चुना विरताना उकळतो. डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे हवेतच. डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे.

संयोग, देश, काल

चुन्याला सच्छिद्र भिंत लागते. प्लास्टिक वा तेलरंगावर तो टिकत नाही, पोपडे सुटतात. जुन्या घरातील दारे-खिडक्यांच्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा, भुगा ओल्या फडक्याने टिपावा. कोकणासारख्या आनूप देशात आधी ओलीचे कारण दूर करावे. गळकी कौले व तुंबलेली पन्हळ कोणत्याही रंगाने बरी होत नाहीत. रंगकाम खिडक्या उघड्या ठेवता येतील अशा कोरड्या दिवसांत काढावे.

उपयोक्ता

सर्वांत महत्त्वाचे हेच. बालकाच्या वाढत्या मेंदूला शिसे अल्प प्रमाणातही घातक ठरते आणि बालकाचा हात सतत तोंडात जातो. म्हणून गर्भिणी, बालक आणि श्वासाचा रुग्ण यांनी खरवडण्याच्या काळात घराबाहेर राहावे व वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत निजू नये. बाळंतिणीची खोली रंगवायचीच असेल, तर ती प्रसूतीच्या बऱ्याच आधी रंगवून मोकळी ठेवावी. रंगाऱ्यालाही विसरू नये. आपण चार दिवस जे सोसतो, ते तो वर्षभर सोसत असतो.

वैद्यमित्रांना एवढीच विनंती की, श्वास, प्रतिश्याय व त्वग्विकाराच्या रुग्णपत्रिकेत एक प्रश्न वाढवावा : ‘घरी नुकतेच रंगकाम झाले आहे काय?’ उत्तर होकारार्थी आले, तर औषधाची मात्रा वाढवण्यापूर्वी रुग्णाची खोली बदलावी.