दणकट घड्याळ कसं ओळखावं?

दुकानदारानं कपाटातून घड्याळ काढून हातात दिलं, की आपण पहिल्यांदा ते तळहातावर तोलून बघतो. जड लागलं की मान डोलते, ‘चांगलं भरीव आहे!’ पण वजन हा मजबुतीचा फार कच्चा पुरावा. रोज वापरायचं घड्याळ मधोमध कधी मोडत नाही. जिथे दोन भाग जुळतात तिथे ते दगा देतं. काच आणि डबी, डबी आणि मागचं झाकण, चावीचं भोक, पट्ट्याची पिन. पारख करायची ती या सांध्यांची.

जपानमधल्या कॅसिओ कंपनीचे अभियंते किकुओ इबे यांना हे फार कष्टानं उमगलं. वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, तेव्हा पडलं तरी न मोडणारं घड्याळ करायचं त्यांनी मनावर घेतलं. १९८१मध्ये काम सुरू झालं. नमुना तयार करायचा, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकायचा आणि तुकडे गोळा करायचे! कवच कितीही जाड केलं तरी आतला एखादा भाग तुटायचाच. तो मजबूत केला की दुसरा तुटायचा. असे सुमारे दोनशे नमुने झाले. मग एकदा बागेत एक मुलगी रबरी चेंडूचे टप्पे पाडताना त्यांना दिसली. चेंडूच्या आत मधोमध एखादी वस्तू तरंगत असेल, तर तिला धक्का पोचेल कसा? त्यांनी आतलं यंत्र डबीत घट्ट न बसवता मोजक्या बिंदूंवर टेकवलं. १९८३मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. रेझिनच्या कवचातलं साधं जी-शॉक पोलादी पट्ट्याच्या घड्याळापेक्षा कितीतरी हलकं असतं, हे वजन तोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

धक्का अडवण्याऐवजी जिरवायचा, हे तत्त्व तसं जुनंच. एचएमटीनं १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगलोरला घड्याळं करायला सुरुवात केली. त्यांच्या कितीतरी तबकड्यांवर ‘पॅराशॉक’ असा शब्द दिसतो. आतलं जे चाक सतत मागेपुढे झुलतं, त्याच्या आसाची टोकं केसासारखी बारीक असतात. ती ज्या खड्यांत फिरतात ते खडे छोट्या स्प्रिंगवर बसवलेले असत. घड्याळ आपटलं की खडा किंचित सरकून परत जागेवर येई. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६मध्ये झाला. पण ‘जनता’ अजूनही काही मनगटांवर चालू आहे, कारण ते उघडून साफ करता येतं. दुरुस्त होणं हीसुद्धा मजबुतीच, असं मला वाटतं.

आता दुकानात काय बघायचं? आधी घड्याळ उलटं करा. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं लिहिलेलं असेल, तर तेवढं झाकणच पोलादाचं, असा त्याचा अर्थ. बाकीची डबी बऱ्याचदा मुलामा दिलेल्या पितळेची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असते. आपल्या उन्हाळ्यात घामानं तो मुलामा दोन-तीन वर्षांत कडांवरून उडतो आणि मनगटाला खाज सुटते. मग चावी ओढून बघा. ती स्पष्ट ‘टक्’ करून थांबली पाहिजे, लुळी पडता कामा नये. धातूच्या पट्ट्याची कडी बाजूनं बघा. भरीव आहे की पत्रा दुमडून केलेली, ते लगेच कळतं. कानाजवळ हलवा. क्वार्ट्झ घड्याळाचा खुळखुळाट आला तर परत द्या.

काचेचं गणित सोपं आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. त्यांचा कठीणपणा मोह्सच्या मापनात ७, साध्या काचेचा साधारण ५ ते ६. म्हणून ओरखडे पडतात. नीलमणी, म्हणजे सफायर काच ९ची. तिला धूळ काही करत नाही, पण नेमका जोराचा फटका बसला तर ती तडकते. जुनी प्लास्टिकची काच चटकन ओरखडते, पण ती घासून पुन्हा चकचकीत होते.

‘३० मीटर’ वाचून कोणी विहिरीत उडी मारू नये. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे. पोहायचं असेल तर १०० हवेत. गरम पाणी आणि साबण रबरी रिंगांचे शत्रू, तेव्हा आंघोळीला घड्याळ नकोच.

एका ठिकाणी मात्र न तुटणारा पट्टा हा गुण नव्हे. लेथ, उसाचा चरक, मळणी यंत्र यांच्यापाशी घड्याळ काढूनच ठेवावं. पट्टा अडकला आणि तुटला नाही, तर हात आत ओढला जातो.

आणि सेल. घड्याळात पाणी शिरण्याची सुरुवात पुष्कळदा सेल बदलताना होते. झाकणाखालची बारीक रिंग पिळवटते, फाटते किंवा टेबलावरच राहून जाते, आणि मागे छापलेले मीटर तेव्हाच संपतात. सेल बदलून घेताना तिथेच उभे राहा. रिंग जुनी दिसली तर नवी मागा, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात लावायला सांगा. घड्याळ बंद पडलं म्हणून मेलेला सेल आत तसाच ठेवून कपाटात टाकू नका. तो पाझरला तर यंत्रच खातो.