कार्कासॉनची पाच मुलं

किल्ले पाहायची सवय असलेला माणूस दरवाजातून आत शिरण्याआधी तटाचा दगड बघतो. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासॉनला गेलात तर ही सवय सोडू नका. आतल्या तटाच्या खालच्या भागात लहान लहान दगडांचं बांधकाम दिसतं आणि त्यातून लाल विटांचे आडवे पट्टे गेलेले असतात. हे काम रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातलं, म्हणजे साधारण सतराशे वर्षांपूर्वीचं. थोडं पुढे गेलं की मोठे, मधोमध फुगीर ठेवलेले घडीव चिरे लागतात. ते १३व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजाने बसवले. मग मान वर केली की बुरुजांवर टोपीसारखी निमुळती, निळसर काळी छपरं दिसतात. ती १९व्या शतकातली आहेत. जमाने तीन, पण लांबून पाहणाऱ्याला एकच अखंड तट दिसतो.

ओद नदीच्या काठावरच्या टेकडीवर ही तटबंद नगरी उभी आहे. एकात एक असे दोन तट, ५२ बुरूज आणि दोन्ही तटांची मिळून सुमारे तीन किलोमीटर लांबी. १९९७ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतलं. बहुतेक प्रवासी अर्ध्या दिवसात गल्ल्या पालथ्या घालतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पण नुसती कार्कासॉन पाहून ती समजत नाही. तिच्या दक्षिणेला कॉर्बिएर नावाचा चुनखडीचा, झुडपांचा, उन्हाने भाजलेला डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या सुळक्यांवर पाच किल्ले आहेत. फ्रेंच लोक त्यांना ‘कार्कासॉनची पाच मुलं’ म्हणतात. आई आणि मुलं दोन्ही पाहिली तरच हा मुलूख कळतो.

चोवीस वर्षांचा सरदार

१२व्या शतकात कार्कासॉनवर त्राँकावेल घराण्याची सत्ता होती. तटाला लागून असलेला गढीवजा राजवाडा याच घराण्याचा. तेव्हा हा भाग नावापुरताच फ्रान्सच्या राजाचा होता. इथली भाषा ऑक्सितान, इथले कायदे वेगळे, आणि इथे कॅथर नावाचा ख्रिस्ती पंथ रुजला होता. हे दृश्य जग सैतानी शक्तीने घडवलं आहे, देवाचं राज्य फक्त आत्म्याचं, असं हे लोक मानत. त्यांचे व्रतस्थ स्त्रीपुरुष मांस, अंडी, दूध वर्ज्य करत, शपथ घेत नसत, कुणाचा जीव घेत नसत. चर्चच्या श्रीमंतीला कंटाळलेल्या लोकांना त्यांचं साधं राहणं भावलं. रोमच्या लेखी मात्र ते पाखंडी होते.

पोप तिसरा इनोसंट याने १२०८ मध्ये त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. १२०९ मध्ये ख्रिस्ती सैन्य ख्रिस्ती मुलखावरच चालून आलं. २२ जुलैला बेझिए शहर पडलं आणि तिथे सरसकट कत्तल झाली. ऑगस्टच्या सुरुवातीला सैन्य कार्कासॉनच्या तटाखाली आलं. कडक उन्हाळा, आसपासच्या गावांतून आत आलेली माणसं, नदीकडची वाट शत्रूने तोडलेली. दोन आठवड्यांत पाणी संपलं. तरुण सरदार रेमाँ-रोजे त्राँकावेल वाटाघाटीसाठी बाहेर पडला आणि कैद झाला. रहिवाशांना जीवदान मिळालं, पण अंगावरच्या कपड्यांनिशी घरंदारं सोडून जावं लागलं. सरदाराला त्याच्याच वाड्याच्या कोठडीत टाकलं. नोव्हेंबरमध्ये तो तिथेच मरण पावला. तेव्हा त्याचं वय अवघं चोवीस होतं.

आज त्या वाड्यात फिरताना लोक लाकडी सज्जे, देवड्या, दगडी शिल्पं पाहतात. मला वाटतं, थोडा वेळ या मुलासाठीही थांबावं.

दुसरा तट का आला?

१२२६ मध्ये फ्रान्सचा राजा स्वतः या युद्धात उतरला आणि कार्कासॉन थेट राजाच्या ताब्यात गेलं. १२४० मध्ये मेलेल्या सरदाराचा मुलगा वडिलांचं गाव परत घ्यायला आला. त्याने तटाखाली भुयारं खणली. आतल्या शिबंदीने मागे नवे अडसर उभारून त्याला थोपवून धरलं. महिनाभराने राजाचं सैन्य मदतीला पोहोचलं आणि तो प्रयत्न फसला.

पण राजाने धडा घेतला. तटाला खेटून असलेल्या वस्त्या हल्लेखोरांना आडोसा देतात हे दिसलं होतं, म्हणून त्या पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांना पुढे नदीपलीकडे चौकोनी आखणीचं नवं गाव वसवून दिलं. आजचं खालचं कार्कासॉन ते हेच. आतल्या जुन्या तटाबाहेर दुसरा, कमी उंचीचा तट आला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ही शेरहाजी. बाहेरचा तट ओलांडून आलेला शत्रू दोन तटांमधल्या मोकळ्या पट्टीत अडकतो आणि आतल्या उंच तटावरच्या जंग्यांमधून त्याच्यावर मारा होतो. या पट्टीला तिथे ‘लिस’ म्हणतात. पूर्वेच्या नार्बोन दरवाजाचे दोन बुरूज पुढच्या बाजूने चोचीसारखे निमुळते आहेत, म्हणजे फेकलेला दगड त्यांच्यावर नीट बसत नाही, निसटून जातो. हा सगळा बंदोबस्त झाल्यावर तटावर पुन्हा मोठा घाव पडला नाही. १३५५ मध्ये इंग्लंडचा युवराज चाल करून आला, तेव्हा त्याने नदीपलीकडचं गाव जाळलं. वरच्या नगरीला त्याने हात लावला नाही.

सुळक्यांवरचे पहारेकरी

१२५८ मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई आणि अरागॉनचा राजा यांच्यात तह झाला. त्या तहाने सरहद्द आखली गेली आणि ती कॉर्बिएरच्या दक्षिण टोकाशी आली. सरहद्दीवर डोळा ठेवायला किल्ले हवेत. जुन्या स्थानिक सरदारांच्या गढ्या सुळक्यांवर होत्याच. राजाने त्या ताब्यात घेऊन नव्याने बांधल्या आणि कार्कासॉनच्या हुकमाखाली आणल्या. पेरपेर्त्यूज, केरीब्यूस, प्वीलोराँस, अगिलार आणि तेर्म ही ती पाच मुलं.

या भागात रस्तोरस्ती ‘कॅथर किल्ले’ असे फलक दिसतात, पण त्या नावाने फसगत होते. त्या सुळक्यांवर कॅथरांना आसरा मिळाला होता, यात शंका नाही. पण आज ज्या भिंती दिसतात, त्यातल्या बहुतेक कॅथरांना चिरडणाऱ्या राजसत्तेने बांधलेल्या आहेत. थोडं पश्चिमेला माँसेग्यूरचा डोंगर आहे. तिथे १६ मार्च १२४४ रोजी दोनशेहून अधिक कॅथरांनी धर्म सोडण्याऐवजी चितेवर जाणं पत्करलं. त्या माथ्यावरच्या पडक्या भिंतीसुद्धा नंतरच्या आहेत. हरलेल्यांचं नाव जिंकणाऱ्यांच्या भिंतीला चिकटून राहिलं आहे.

पाचही किल्ले सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओळखीचे वाटतील. पेरपेर्त्यूज हे नाव ऑक्सितान भाषेतल्या ‘भोक पडलेला खडक’ या शब्दांवरून आलं. आपण ज्याला नेढं म्हणतो, तेच. सुमारे ८०० मीटर उंचीच्या लांबट कड्यावर हा किल्ला गलबतासारखा पसरला आहे. खालचा जुना भाग आणि वरचा राजाचा बालेकिल्ला यांना जोडणाऱ्या कातळकोरीव पायऱ्या उघड्या कड्यावरून जातात. वारा असला की त्या पायऱ्यांवर दोराला धरूनच चालावं लागतं.

तेर्मची गोष्ट तर टाक्यांच्या पाण्याची. १२१० मध्ये या किल्ल्याला जवळजवळ चार महिने वेढा पडला होता. पाणी आटलं म्हणून शिबंदी शरण यायला तयार झाली. त्याच रात्री जोराचा पाऊस पडला, टाकी भरली आणि त्यांनी शब्द फिरवला. पण ते साठलेलं पाणी दूषित होतं. हगवणीची साथ पसरली आणि अखेर लोक रात्रीच्या अंधारात किल्ला सोडून पळाले. गडावर चढल्यावर आपण आधी टाकी शोधतो, ते का, हे इथे कळतं.

सरहद्द सरकली आणि तट पोरका झाला

१६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात पिरेनीजचा तह झाला. रुसियाँचा प्रांत फ्रान्सकडे आला आणि सरहद्द दक्षिणेला पिरेनीजच्या धारेवर गेली. एका सहीने कार्कासॉन आणि तिची मुलं निरुपयोगी झाली. तेर्म तर त्याआधीच, १७व्या शतकाच्या मध्यात, राजाच्या आज्ञेने सुरुंग लावून उडवला गेला होता. तो दरोडेखोरांच्या हाती पडण्यापेक्षा पाडलेला बरा, हा हिशेब.

वरची नगरी गरीब होत गेली. दोन तटांमधल्या पट्टीत विणकरांनी आणि मजुरांनी तटाला टेकून घरं बांधली. तटाचे दगड बांधकामाला जाऊ लागले. १८४९ मध्ये सरकारने तटबंदी पाडायला परवानगी दिली. तेव्हा स्थानिक इतिहासकार जाँ-पिएर क्रो-मेरव्हिएय आणि ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक असलेले लेखक प्रॉस्पेर मेरिमे यांनी जोर लावला. तो निर्णय मागे घेण्यात आला. १८५३ पासून वास्तुरचनाकार व्हिओले-ल-द्यूक याने दुरुस्तीचं काम हाती घेतलं. २०१९ च्या आगीत कोसळलेला पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा मनोरा याच माणसाने उभारला होता. १८७९ मध्ये तो वारल्यावरही कार्कासॉनचं काम पुढे चालू राहिलं.

त्याने तट वाचवला हे निर्विवाद. पण वाचवताना त्याने तो पूर्ण केला. पडक्या चर्या नव्याने घडवल्या, बुरुजांना स्लेट दगडाची उंच टोकदार छपरं चढवली. दक्षिणेत छपरं कमी उताराची आणि भाजक्या कौलांची असतात, टोकदार स्लेट उत्तरेची, असा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. २०व्या शतकात काही रोमनकालीन बुरुजांवरची स्लेट काढून तिथे कौलं घातली गेली. आज शेजारशेजारच्या बुरुजांवर दोन तऱ्हेची छपरं दिसतात. एकाच तटावर दोन पिढ्यांचं दुमत उभं आहे, आणि कोणीही ते झाकून टाकलेलं नाही. दोन तटांमधली घरं मात्र हटवली गेली. त्या विणकरांची आठवण आता त्या स्वच्छ हिरवळीवर कुठेच नाही. वारसा जपण्याच्या हिशेबात ही वजाबाकीही मांडायला हवी.

आपल्या तटांसाठी

हे सगळं आपल्याला दूरचं नाही. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या कितीतरी गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले. सत्ता बदलली की गड पोरके होतात, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. आता दरवाजे पुन्हा उभे राहत आहेत, तट सावरले जात आहेत, आणि तेच जुने प्रश्न आपल्यापुढे आहेत. कोणत्या काळातला गड उभा करायचा? जिथे पुरावा नाही तिथे कल्पनेने भरायचं का? गडाच्या आश्रयाने राहिलेल्या माणसांचं काय?

माझं मत ठाम आहे. ढासळणारा दगड सावरावा, पण जो दगड आपला त्याच्यावर आपलं नाव आणि साल असावं. पुढच्या माणसाला जुनं आणि नवं वेगळं ओळखता आलं पाहिजे. कार्कासॉनच्या तटावर ते ओळखता येतं, म्हणून मला ती नगरी शिकवण देणारी वाटते.

जाणार असाल तर

तुलूझहून रेल्वेने कार्कासॉन तासाभराच्या अंतरावर आहे. नगरीच्या गल्ल्यांत शिरायला पैसे पडत नाहीत. वाडा आणि तटावरची फांजी यांना तिकीट आहे आणि ते काढावंच. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि उकाडा दोन्ही असह्य होतात, मे-जून किंवा सप्टेंबर बरा. संध्याकाळी दिवसाचे प्रवासी गेले की दोन तटांमधल्या पट्टीतून पूर्ण प्रदक्षिणा करा. रोमन विटा, राजाचे चिरे आणि स्लेटची छपरं तेव्हा निवांतपणे वेगवेगळी करता येतात. जेवणात इथला ‘कासूले’ मिळेल. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचं, बदकाचं मांस आणि सॉसेज घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं हे मातीच्या भांड्यातलं कालवण. शाकाहारी माणसाने ऑर्डर देण्याआधी विचारून घ्यावं.

डोंगरी किल्ल्यांसाठी गाडी आणि किमान दोन दिवस हवेत. उत्तरेला जवळच लास्तूर आहे, एकाच डोंगरधारेवर चार किल्ले. समोरच्या टेकडीवरून चारही एका नजरेत येतात. दक्षिणेची मुलं लांब आहेत, वळणांचे रस्ते धरून दीड तास तरी लागतो. पायांत चांगले बूट, सोबत भरपूर पाणी. वारा फार असला तर किल्ले बंद ठेवतात, तेव्हा सकाळी चौकशी करूनच निघावं.

आणि वेळ कमी असेल तर केरीब्यूस चुकवू नका. ७२८ मीटर उंचीच्या सुळक्यावरचा हा किल्ला १२५५ मध्ये पडला, विरोध करणाऱ्यांचा हा अखेरचा आसरा. आत एका उंच खांबावर तोललेलं कमानदार दालन आहे, आणि वर चढलं की दक्षिणेला रुसियाँचं मैदान आणि कानिगूचा बर्फाळ माथा दिसतो. याच दिशेला शत्रू होता, म्हणून राजाने सुळक्यावर दगड चढवले. आता त्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत आणि तोही फ्रान्सच आहे. जंग्या मात्र अजून तिकडेच रोखलेल्या आहेत.