इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचा रिझल्ट

सकाळचे पावणेदहा. रिसेप्शनमधला गुबगुबीत सोफा, मांडीवर सर्टिफिकेट्सची फाईल, घशाला कोरड. शेजारी आपल्यासारखेच कडक इस्त्रीच्या शर्टातले चार जण. मग आत बोलावणं येतं, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ होतं आणि वीस मिनिटांत कुणीतरी आपल्या पुढच्या तीन-चार वर्षांचा फैसला करून टाकतं.

माझी एक मैत्रीण काही वर्षांपूर्वी अशाच एका इंटरव्ह्यूहून हिरमुसून परत आली होती. लेखी टेस्ट मस्त गेलेली, टेक्निकल राउंड क्लिअर. शेवटच्या राउंडला साहेबांनी गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं. चार दिवसांनी मेल आला, ‘नॉट अ फिट’. कशात फिट नाही, ते सांगायला कुणी तयार नव्हतं. आज ती हिंजवडीत टीम लीड आहे, टेबलाच्या पलीकडे बसते. परवा कॉफी पिताना मी सहज विचारलं, ‘‘तू माणसं कशी निवडतेस गं?’’

‘‘अगं, पाच मिनिटांत कळतं,’’ ती म्हणाली. आणि मग स्वतःच गप्प झाली.

खरंच कळतं का हो पाच मिनिटांत?

कोड्यांचं काय झालं?

हा प्रश्न गूगलनेही स्वतःला विचारला होता. एकेकाळी तिथल्या इंटरव्ह्यूंचा जाम दरारा होता. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असले प्रश्न. २००४ मध्ये तर त्यांनी सिलिकॉन व्हॅलीत रस्त्याकडेला गणिताचं कोडं घातलेलं होर्डिंग लावलं. खाली कंपनीचं नावसुद्धा नाही! कोडं सुटलं की उत्तर म्हणजेच वेबसाइटचा पत्ता, आणि तिथून वाट नोकरीच्या अर्जाकडे.

नंतर कंपनीने आपलाच रेकॉर्ड काढला. कुणी कुणाचा इंटरव्ह्यू घेतला, किती मार्क दिले आणि तो माणूस पुढे कामात कसा निघाला, असे हजारो इंटरव्ह्यू जुळवून पाहिले. तेव्हाचे एच.आर. प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ला त्याचा निकाल सांगितला. मार्क आणि काम यांचा संबंध शून्य! अपवाद एकच इंटरव्ह्यूअर, आणि तोही एका अगदी खास विषयातल्याच माणसांना तपासायचा. कोडी तर निव्वळ वेळेचा अपव्यय. ती घालून विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं, एवढाच त्यांचा उपयोग. कॉलेजचे मार्कही फ्रेशर्स सोडले तर फारसं काही सांगत नाहीत.

सगळ्यांना एकच पेपर

मग चालतं काय? १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं होतं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते हिशेब पुन्हा तपासले. ० म्हणजे निवड आणि पुढचं काम यांचा काहीच संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत मेळ, अशी ही पट्टी. त्यावर गप्पाटप्पांच्या इंटरव्ह्यूला मिळाले ०.१९. आणि आखीव इंटरव्ह्यूला ०.४२, म्हणजे तपासलेल्या सगळ्या पद्धतींत अव्वल नंबर.

आखीव म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, तेही त्या कामातलेच. चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं आणि मार्क तिथल्या तिथे टिपलेले. दहावीच्या बोर्डाला जे कळतं, ते आपल्या ऑफिसात मात्र होत नाही. एकाला क्रिकेट विचारायचं, दुसऱ्याला डेटाबेस, आणि मग दोघांची तुलना करायची!

नावात बरंच काही आहे

इथवरचे आकडे कामाचे. पण काहींना तर इंटरव्ह्यूच्या सोफ्यापर्यंतही पोचू दिलं जात नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत एक प्रयोग केला. इंग्रजी पेपरांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच. फरक फक्त आडनावाचा. एकूण ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला होकारार्थी उत्तर मिळण्याचे चान्स दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला जेमतेम एक तृतीयांश.

मोजलं म्हणून हे दिसलं. नाहीतर यातल्या प्रत्येक कंपनीने छातीठोकपणे सांगितलं असतं, ‘आम्ही फक्त मेरिट बघतो.’

मग कॉम्प्युटरवरच सोपवूया की!

तोही प्रयोग झालाय. अॅमेझॉनने २०१४ पासून बायोडेटांना एक ते पाच स्टार देणारा प्रोग्रॅम बनवायला घेतला. त्याला शिकायला दिले कंपनीकडे दहा वर्षांत आलेले अर्ज, आणि त्यात बहुतांश पुरुष. प्रोग्रॅमने इमानेइतबारे तोच धडा गिरवला. बायोडेटात ‘विमेन्स’ शब्द दिसला, उदाहरणार्थ महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन, की मार्क कापायचा. कंपनीने प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी फोडली, तेव्हा आपल्या रिक्रूटर्सनी त्यावरून उमेदवार कधी ठरवलेच नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. व्हिडिओ इंटरव्ह्यू घेणाऱ्या हायरव्ह्यू कंपनीनेही चेहऱ्याचे हावभाव वाचून मार्क देणं बंद केल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं.

म्हणजे डेटा जादूची कांडी नाही. साहेबांच्या जुन्या सवयी त्यात जशाच्या तशा उतरतात आणि वर ‘सिस्टीमने ठरवलं’ असा शिक्का बसतो. साहेबांशी निदान वाद घालता येतो.

तुम्ही टेबलाच्या कुठल्या बाजूला?

अलीकडे असाल तर: या पदावरच्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत काय जमलं पाहिजे, हे बिनधास्त विचारा आणि त्याच मुद्द्यांवर आपलं काम दाखवा. रिजेक्ट झालात तर कारण विचारा. उत्तर ‘फिट नाही’ एवढंच आलं, तर त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

पलीकडे असाल तर: प्रश्न आधी लिहून काढा. सगळ्यांना तेच विचारा. सहकाऱ्याशी बोलण्याआधी मार्क टाका. जमल्यास कामाचा छोटा नमुना करून घ्या. पहिली चाळणी नाव झाकून करा. आणि नाकारलेल्यांच्या यादीवरही अधूनमधून नजर टाका. त्यात एकाच प्रकारची माणसं दिसतायत का, ते बघा.

माझ्या मैत्रिणीने परवा मला तिची नवी एक्सेल शीट दाखवली. पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच मार्क. शेवटचा कॉलम मात्र रिकामा होता.

‘‘हा कशाला गं?’’

‘‘सहा महिन्यांनी भरायचाय. घेतलेला माणूस कामात कसा निघाला ते,’’ ती म्हणाली. ‘‘तो माझा रिझल्ट.’’