कोंबड्यांचा उन्हाळा

वैशाखाचे ऊन चढू लागले की वर्धा जिल्ह्यातील भूमी तव्याप्रमाणे तापते. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो. तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना विदर्भात ‘नवतपा’ म्हणतात. या सुमारास तापमापकातील पारा पुष्कळदा ४५ अंशांच्याही वर जातो. वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीत अशा दुपारी रस्ते ओस पडतात. माणसे डोक्याला दुपट्टा गुंडाळल्यावाचून बाहेर पडत नाहीत. गुरे झाडाच्या सावलीत रवंथ करीत बसतात. परंतु अंगणातील कोंबड्यांचे काय?

घरातील बाईने जपलेल्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे त्या कुटुंबाची लहानशी शिल्लकच होय. त्यांच्यामुळे मुलांच्या ताटात अंडे पडते आणि अडीअडचणीला चार पैसेही हाती येतात. एका कडक दुपारी ही सारी शिल्लक नाहीशी होऊ शकते. ती कशी राखावी, हे कळण्यासाठी आधी कोंबडीचे शरीर समजून घेतले पाहिजे.

आपल्याला उकडू लागले की घाम येतो. तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गार वाटते. कोंबडीच्या त्वचेत घर्मग्रंथी नसतात. तिला घाम येतच नाही. शिवाय तिचे शरीर मुळातच आपल्याहून उष्ण असते. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश, तर कोंबडीचे ४१ ते ४२ अंश असते. त्यावर पिसांचे दाट पांघरूण! थंडीत उपकारक ठरणारे हे पांघरूण उन्हाळ्यात तिला जाचक होते.

ऊन वाढले की कोंबडी प्रथम पंख अंगापासून दूर धरते. तुरा, चोचीखालची लोंबती कातडी आणि पाय या उघड्या भागांतून तिची उष्णता बाहेर जाऊ लागते. परंतु हे केवळ भोवतालची हवा तिच्या अंगाहून थंड असेपर्यंतच चालते. बाहेर ४५ अंशांची झळ वाहू लागली म्हणजे उष्णता उलट तिच्या शरीरात शिरू लागते. मग तिच्यापाशी एकच उपाय उरतो. ती चोच उघडून धापा टाकते. एरवी मिनिटाला वीस-तीस वेळा चालणारा तिचा श्वास अशा वेळी दीडशेच्याही पुढे जातो. तिच्या घशातील व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो.

हे पाहून तुम्हांला घरातील माठाची आठवण होईल. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळते, म्हणून आतील पाणी थंड राहते. धापा टाकणारी कोंबडी हा एक जिवंत माठच आहे. माठ कोरडा पडला की त्याची थंडाई संपते. कोंबडीचेही तसेच आहे. म्हणून उन्हाळ्यात तिला सर्वांत आधी हवे ते पाणी. एरवी ती जेवढे दाणे खाते, त्याच्या सुमारे दुप्पट वजनाचे पाणी पिते. कडक उन्हात ही गरज कितीतरी वाढते. पाणी मातीच्या पसरट भांड्यांत भरून सावलीत दोन-तीन ठिकाणी ठेवावे व दिवसातून अनेकदा बदलावे. तापलेल्या पाण्याला कोंबडी तोंड लावीत नाही.

दुसरी गोष्ट सावलीची. आपल्या कोंबड्यांचे मूळ पूर्वज रानकोंबडे होत. झाडाझुडपांची सावली त्यांच्या ओळखीची आहे. कडुनिंबाखाली खुराडे असले तर उत्तमच. छपरावर टिनपत्रे असतील, तर त्यांवर तुराट्या किंवा गवत अंथरावे, किंवा चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. खुराड्यात दाटी होऊ देऊ नये.

तिसरा उपाय वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगण्याचा. विदर्भाची उन्हाळी हवा कोरडी असते. तिच्यात पाणी चटकन वाळते आणि आत येणारा वारा थंड होतो. घराच्या दारावरील वाळ्याची ताटी याच नियमाने काम करते. परंतु हवा खेळती हवी. सर्व बाजूंनी ओले पडदे लावून खुराडे कोंदट केले, तर आतील दमट हवेत कोंबडीच्या घशातील ओलावा वाळणार नाही आणि तिची धाप निष्फळ ठरेल. याच कारणाने मृगाच्या सरी येऊन हवा दमट झाली की गोणपाट काढून टाकावेत. दमट हवेच्या कोकणात तर या उपायापेक्षा मोकळा वाराच अधिक उपयोगी पडतो.

दाणे देण्याची वेळही सांभाळावी. अन्न पचताना शरीरात उष्णता निर्माण होते. म्हणून पहाटे व सायंकाळी दाणे घालावेत. दुपारी पाणी तेवढे पुरे.

उन्हाळ्यातील अंडी पातळ कवचाची का असतात, याचेही उत्तर धापेतच आहे. धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वायू अधिक प्रमाणात बाहेर जातो. कवच घडण्यास चुन्याबरोबर हा वायूही लागतो. म्हणून शिंपल्यांचा चुरा घालणे चांगले असले, तरी गारवा दिल्यावाचून कवच पुरते भरत नाही.

एखादी कोंबडी मान टाकून निपचित पडली, तर तिला तत्काळ सावलीत न्यावे. तिचे पाय साध्या गार पाण्यात बुडवावेत. बर्फाचे पाणी वापरू नये. पाणी बळेच घशात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चोचीपुढे वाटी धरावी. शुद्धीवर येताच ती आपण होऊन पिईल.

या उपायांना पैसा फारसा लागत नाही. माती, पाणी, गोणपाट आणि झाडाची सावली प्रत्येक खेड्यात असते. लागते ती नजर. उघडी चोच आणि पसरलेले पंख ही त्या मुक्या जिवाची हाक होय. ती वेळीच ज्याला ओळखता येते, त्याच्या अंगणात नवतप्यानंतरही कोंबड्यांचा आवाज ऐकू येतो.