दहा मायक्रोअँपिअरचा जागता पहारा

हिवाळ्यात दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या न्हाणीघरात गॅस गिझर चालू असतो. आतला ऑक्सिजन कमी होत जातो, ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतो. अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. यातला प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवणं आणि हवा खेळती ठेवणं हा पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे घरात बसवलेला, तळहाताएवढा अलार्म. त्याच्या पोटातलं सर्किट दोन पेन्सिल सेलवर वर्षानुवर्षं जागं राहतं आणि ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी त्याला चुकण्याची मुभा नसते. कमी वीज आणि अचूक मोजमाप या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी कशा सांभाळतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात सेन्सरपासून करू. नाण्याएवढ्या डबीत गंधकाम्ल आणि त्याला लागून प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप दिलेले इलेक्ट्रोड असतात. बारीक छिद्रातून हवा आत शिरते. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू ‘वर्किंग’ इलेक्ट्रोडवर पोहोचला की पाण्याशी संयोग होऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या ‘काउंटर’ इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी बनतं. म्हणजे हा एक चिमुकला फ्युएल सेल झाला. मोजायचा करंट वायू स्वतःच निर्माण करतो. बॅटरी लागते ती तो वाचण्यासाठी. हा करंट मात्र फारच लहान असतो. नेहमीच्या वापरातला सेन्सर एका पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचा एक भाग असताना, साधारण ७० नॅनोअँपिअर देतो.

ही विद्या घरात आली ती उद्योगांतून आणि खाणींतून. १९७७ साली लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या संशोधनातून ‘सिटी टेक्नॉलॉजी’ ही कंपनी उभी राहिली आणि तिचे सेन्सर खाणकामगारांच्या हातातल्या उपकरणांत गेले. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखण्यासाठी पाळलेल्या कॅनरी पक्ष्यांना १९८६ मध्ये निवृत्ती मिळाली, ती अशा इलेक्ट्रॉनिक उपकरणांमुळेच. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणींसाठीही हा वायू महत्त्वाचा आहे. कोळसा आपोआप तापू लागला की त्याची पहिली चाहूल बऱ्याचदा कार्बन मोनॉक्साइडच देतो.

आता सर्किटकडे वळू. तीन इलेक्ट्रोडच्या सेन्सरमागे मुख्यतः दोन ऑप-अँप, म्हणजे बारीक विद्युत संकेत वाढवणारे अँप्लिफायर, असतात. पहिला ऑप-अँप तिसऱ्या, म्हणजे ‘रेफरन्स’ इलेक्ट्रोडचं व्होल्टेज पाहतो आणि ते ठरल्या जागी राहील अशा बेताने काउंटर इलेक्ट्रोडला करंट पुरवतो. कालव्यावरचा पाटकरी मोजपट्टीवरची पातळी पाहून दरवाजा वर-खाली करतो, पण मोजपट्टीतून पाणी घेत नाही, तसाच हा. रेफरन्समधून करंट ओढला गेला तर त्याचं व्होल्टेजच सरकेल, म्हणून या ऑप-अँपच्या इनपुटला गळणारा करंट पिकोअँपिअरमध्ये मोजण्याइतका कमी असावा लागतो. या रचनेला पोटेन्शिओस्टॅट म्हणतात. दुसरा ऑप-अँप वर्किंग इलेक्ट्रोडचा करंट एका रेझिस्टरमधून नेतो आणि त्याचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो.

वीज वाचवण्याचा पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तो असा: सर्किट झोपवावं, मिनिटातून एकदा उठवावं, मोजावं आणि पुन्हा झोपवावं. मायक्रोकंट्रोलरला हे चालतं, तो एरवीही बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. पोटेन्शिओस्टॅटला हे चालत नाही. इलेक्ट्रोड आणि आम्ल यांच्या सीमेवर विद्युतभाराचा थर साठलेला असतो. व्होल्टेज हललं की तो थर नव्याने बसू लागतो आणि तोवर दिसणारा करंट वायूचा नसतोच. नायट्रिक ऑक्साइडच्या सेन्सरला कायमचा सुमारे ३०० मिलिव्होल्टचा बायस, म्हणजे इलेक्ट्रोडमधला ठरावीक व्होल्टेज-फरक, लागतो; तो तुटला तर सेन्सर पुन्हा स्थिर व्हायला कित्येक तास लागतात. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरला बायस शून्य चालतो, म्हणून तिथे एक सुंदर युक्ती करता येते. वर्किंग आणि रेफरन्स इलेक्ट्रोडच्या मध्ये एक जेफेट ट्रान्झिस्टर बसवतात. गेटला व्होल्टेज नसतानाच तो वाहतो. बॅटरी काढली की तो दोन्ही इलेक्ट्रोड आपोआप जोडून ठेवतो आणि नवी बॅटरी घातली की सेन्सर लवकर कामाला लागतो.

मग बचत होते कुठे? ती होते संथपणात. ऑप-अँप जितका वेगवान, तितकी त्याला वीज जास्त. इथे वेगाची गरजच नाही, कारण सेन्सरलाच पूर्ण प्रतिसाद द्यायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. शरीरात विष साठण्याची क्रियाही हळू असते. अमेरिकेच्या यूएल २०३४ मानकानुसार ७० पीपीएमला अलार्म ६० ते २४० मिनिटांत वाजला पाहिजे, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. म्हणून अर्ध्या मायक्रोअँपिअरहूनही कमी करंटवर चालणारे संथ ऑप-अँप इथे चालतात. नॅशनल सेमिकंडक्टरने बनवलेली आणि २०११ मध्ये ती कंपनी विकत घेतल्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आलेली एलएमपी९१००० ही चिप अख्खं पोटेन्शिओस्टॅट सरासरी १० मायक्रोअँपिअरच्या आत चालवते. हिशेब करून पाहा: १० मायक्रोअँपिअरने दहा वर्षांत ८७६ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. तेच १०० मायक्रोअँपिअर घेतले तर एवढी वीज एका वर्षातच संपते.

पण ही बचत फुकट मिळत नाही. कमी करंटवर चालणाऱ्या ऑप-अँपचा स्वतःचा नॉइज, म्हणजे नको असलेले विद्युत चढउतार, जास्त असतो आणि हा सेन्सर सर्किटला मोठ्या कपॅसिटरसारखा दिसतो, त्यामुळे तो नॉइज आणखी फुगतो. त्याला लगाम घालायला वर्किंग इलेक्ट्रोडच्या वाटेत १० ते १०० ओहमचा एक रेझिस्टर टाकतात. तो मोठा घेतला तर नॉइज कमी होतो पण प्रतिसाद मंदावतो. लहान घेतला तर उलट. बारा आण्यांचा नग म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये.

अचूकतेचाही असाच व्यवहार असतो. १००० पीपीएमपर्यंत मोजायचं म्हणजे ७० मायक्रोअँपिअर. अडीच व्होल्टच्या मर्यादेत ते बसवायला रेझिस्टर सुमारे ३३ किलोओहमचा घ्यावा लागतो. मग एका पीपीएमला २.३ मिलिव्होल्ट मिळतात. बारा बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा घटक, अडीच व्होल्टचे ४०९६ भाग करतो, म्हणजे एका पीपीएममागे जवळपास चार पायऱ्या. जिथे इशारा ७० पीपीएमला द्यायचा आहे, तिथे हे पुरेसं आहे. चोवीस बिटांचा एडीसी लावून मिळणार काय? सेन्सरचाच शून्यबिंदू उन्हाळ्याच्या तापमानात सरकतो. त्याच्या पलीकडचे आकडे मोजण्यात वीज जाते, ज्ञान वाढत नाही.

काम बदललं की हा तोलही बदलतो. भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकात कार्बन मोनॉक्साइडची आठ तासांची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे पावणेदोन पीपीएम आहे. रस्त्यावरची हवा मोजणाऱ्या यंत्राला पीपीएमचे बारीक अंश ओळखावे लागतात. तिथे तापमानाने सरकणारा शून्यबिंदू वजा करायला चौथा, वायूपासून दूर ठेवलेला इलेक्ट्रोड घेतात, नॉइज कमी असलेले ऑप-अँप घेतात आणि विजेचा जास्त खर्च सोसतात. सेन्सरमागचं रसायन तेच राहतं, गरज निराळी असते.

म्हणून या सर्किटचा चांगला रचनाकार आधी विचारतो की चूक किती झाली तर माणसाला धोका आहे, आणि मग विजेचा हिशेब मांडतो. त्यातून त्याला कळतं की मायक्रोकंट्रोलर, एडीसी, रेडिओ यांच्यावर हवी तेवढी काटकसर करावी, पण इलेक्ट्रोडच्या व्होल्टेजला हात लावू नये. घरी अलार्म आणणाऱ्यानेही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘टेस्ट’ बटण सहसा सर्किट आणि भोंगा तपासतं, वायू ओळखण्याची सेन्सरची ताकद नव्हे. आणि बॅटरी शाबूत असली तरी सेन्सर म्हातारा होतोच. मागच्या बाजूला छापलेली मुदत संपली की अलार्म बदलावा, तो अजून वाजत असला तरी.