हेलसिंकी ते टोकियो : नकाशात न दिसणारे चार तास

दोन शहरांमधलं हवाई अंतर सांगणारी कोष्टकं मोठी भाबडी असतात. हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर. प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार करा, चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास धरा, उत्तर येतं साडेनऊ तासांच्या आत-बाहेर. २०२२च्या सुरुवातीपर्यंत ते बरोबरही होतं. आता याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागतात.

कोष्टकातलं अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजलेलं असतं. भिंतीवरच्या नकाशात ही वाट उत्तरेकडे फुगलेली दिसते, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की हीच सर्वांत जवळची, हे लगेच पटतं. हा दोरा बहुतेक रशियावरूनच जातो. म्हणून तर साठ लाखांहून कमी वस्तीच्या फिनलंडची विमानकंपनी फिनएअर आशियाच्या प्रवासात मोठी झाली: युरोपातून जपान-कोरियाला जाताना हेलसिंकी वाटेवरच पडतं.

ही वाट कायम खुली नव्हती. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होतं. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन विमानकंपनी एसएएसने कोपनहेगन-टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून सुरू केली, इंधनासाठी अलास्कातल्या अँकरेजला थांबून. या वाटेवर जपानी प्रवाशांची इतकी ये-जा वाढली, की अँकरेजच्या विमानतळावर गरमागरम उदोन, म्हणजे जपानी नूडल्स, मिळू लागलं! १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने ध्रुवावरून टोकियो न थांबता गाठलं. वेळ? सुमारे तेरा तास. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत गेलं, ते पाडलं गेलं आणि २६९ जणांचा जीव गेला. आकाशातली हद्द ही कागदावरची गोष्ट नव्हे.

शीतयुद्ध संपल्यावर रशियावरची जवळची वाट खुली झाली. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने उलट तेच केलं. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवाच्या वाटेला लागली; प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रंही वाटली. दुसरी वाट दक्षिणेची, कझाकस्तान-चीनवरून. कुठून जायचं ते त्या दिवसाचा वारा ठरवतो. पॅसिफिकवरचे पश्चिमी वारे पाठीशी मिळतात म्हणून टोकियोहून परतताना बहुधा ध्रुवाची वाट धरतात. इंधन अर्थातच जास्त लागतं. गंमत प्रमाणपत्रापुरतीच, फिनएअरला हा मोठा फटका आहे, कारण तिचा सगळा धंदाच जवळच्या वाटेवर उभा होता. चिनी कंपन्यांची विमानं मात्र युरोपला आजही रशियावरूनच जातात. एकाच आकाशात दोन नियम, आणि ही स्पर्धा बरोबरीची नाही.

आपल्यालाही हे नवं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर दिल्लीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं.

तेव्हा लांबचं तिकीट काढताना किलोमीटरच्या कोष्टकावर विसंबू नका. कंपनीच्या वेळापत्रकातले तास पाहा, आणि जातानाचे व येतानाचे वेगवेगळे पाहा.