घनप्रतिकृतीपासून आयसोमेट्रिक दृश्य : जुन्नर परिसरातील दोन उदाहरणांच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

अभियांत्रिकी आरेखनाच्या अध्यापनात गेल्या काही दशकांत मूलभूत बदल झाला आहे. पूर्वी विद्यार्थी समोरील, वरील व बाजूचे दृश्य पाहून वस्तूची त्रिमितीय कल्पना करीत असे व टी-पट्टी आणि ३०-६० अंशांच्या गुण्याच्या साहाय्याने आयसोमेट्रिक आकृती काढीत असे. आता तो संगणकावर प्रथम घनप्रतिकृती म्हणजेच सॉलिड मॉडेल तयार करतो आणि एका आज्ञेने तिचे आयसोमेट्रिक दृश्य कागदावर उतरवितो. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व तंत्रनिकेतन आहे. अशा ग्रामीण भागातील संस्थांतही या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी शिकविल्या जातात. तथापि हाताने काढलेली आकृती आणि संगणकाने दिलेले दृश्य दिसायला सारखे असले तरी मापाने सारखे नसते. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयसोमेट्रिक दृश्याचे गणित

केंब्रिज येथील विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तिचे तत्त्व सोपे आहे. घनाच्या तिन्ही परस्परलंब कडांशी समान कोन करणाऱ्या दिशेने, म्हणजेच घनाच्या कर्णाच्या दिशेने, वस्तूकडे पाहावयाचे व त्या दिशेला लंब असलेल्या प्रतलावर तिचा लंबप्रक्षेप घ्यावयाचा. संगणक नेमके हेच करतो : प्रतिकृती उभ्या अक्षाभोवती ४५ अंशांतून फिरवितो, नंतर आडव्या अक्षाभोवती ३५.२६ अंशांनी कलवितो आणि झाकलेल्या रेषा वगळून दृश्य कडा कागदावर मांडतो. दृश्य घेताना यथार्थदर्शनाचा पर्याय बंद असणे आवश्यक आहे. अन्यथा समांतर कडा समांतर राहत नाहीत.

प्रत्येक अक्ष दृष्टिरेषेशी ५४.७४ अंशांचा कोन करतो. त्यामुळे अक्षाला समांतर असलेली प्रत्येक कड मूळ लांबीच्या √(२/३) पट, म्हणजे ०.८१६५ पट दिसते. हाताने आयसोमेट्रिक मोजपट्टी तयार करताना ४५ अंशांच्या रेषेवरील मापे ३० अंशांच्या रेषेवर उतरवितात, त्यामागेही हेच गुणोत्तर आहे. परंतु सोयीसाठी बहुतेक वेळा मोजपट्टी न वापरता मूळ लांबीच घेतली जाते. मोजपट्टीने काढलेल्या आकृतीस आयसोमेट्रिक प्रक्षेप व मूळ लांबीने काढलेल्या आकृतीस आयसोमेट्रिक आरेखन अशी संज्ञा आहे. दुसरी आकृती पहिलीच्या १.२२४७ पट मोठी असते. दोन्हींचा आकार समरूप असल्याने केवळ पाहून त्या ओळखता येत नाहीत.

उदाहरण पहिले : खोडद येथील दुर्बीण

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी एक तबकडी थेट माथ्याकडे रोखलेली आहे असे मानू. तिची कड हे आडव्या प्रतलातील वर्तुळ होय. १:५०० या प्रमाणावर घनप्रतिकृतीपासून दृश्य घेतल्यास हे वर्तुळ लंबवर्तुळ बनते. त्याचा दीर्घ अक्ष ९० मिलिमीटर व लघु अक्ष सुमारे ५२ मिलिमीटर असतो. मूळ लांबीने हाती आरेखन केल्यास हीच मापे अनुक्रमे ११०.२ व ६३.६ मिलिमीटर येतात.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. संगणकाच्या दृश्यात खरा व्यास केवळ दीर्घ अक्षावर मिळतो आणि तो अक्ष आयसोमेट्रिक रेषा नाही. आयसोमेट्रिक अक्षांना समांतर असलेले व्यास ७३.५ मिलिमीटर भरतात. हाती आरेखनात याच्या उलट घडते : समांतर व्यास खरे, तर दीर्घ अक्ष वाढलेला. हाच न्याय गोलास लागू होतो. प्रक्षेपात गोल खऱ्या त्रिज्येच्या वर्तुळाने दाखवितात, आरेखनात १.२२४७ पट त्रिज्येने.

ही तबकडी पाहणाऱ्याच्या दिशेने वळवून क्षितिजापासून ३५.२६ अंशांवर रोखली, तर तिचा अक्ष दृष्टिरेषेशी जुळतो व कड पूर्ण वर्तुळाकार दिसते. घनप्रतिकृतीत ही स्थिती क्षणात पडताळता येते. वर्गासाठी हा उत्तम प्रयोग ठरावा.

उदाहरण दुसरे : तुळजा लेण्यातील चैत्यगृह

जुन्नरजवळील तुळजा लेणी समूहात वर्तुळाकार चैत्यगृह आहे. मध्यभागी स्तूप, त्याभोवती वर्तुळात १२ अष्टकोनी स्तंभ व वर घुमट अशी त्याची रचना आहे. लेणे ही बांधलेली नव्हे, तर कोरून काढलेली वास्तू. त्यामुळे त्याची घनप्रतिकृतीही वजाबाकीने करावी लागते : खडकाच्या ठोकळ्यातून पोकळी वजा करावयाची व स्तूप आणि स्तंभ शिल्लक ठेवावयाचे. अशा प्रतिकृतीचे सरळ आयसोमेट्रिक दृश्य घेतल्यास बहुतांशी खडकाचा ठोकळाच दिसेल. म्हणून केंद्रातून जाणाऱ्या दोन उभ्या, परस्परलंब प्रतलांनी पाहणाऱ्याकडील चतुर्थांश भाग काढून टाकावा. स्तंभ समान अंतरावर धरून ही प्रतले दोन स्तंभांमधून नेल्यास एकही स्तंभ छेदला जात नाही. तीन स्तंभ वगळले जातात व नऊ उरतात. स्तूप मात्र अखंड ठेवावा आणि खडकाच्या छेदित पृष्ठांवर छेदरेषा द्याव्यात.

अध्यापनातील व मूल्यमापनातील महत्त्व

हा भेद केवळ तांत्रिक नाही. उत्तरपत्रिकेतील आकृती संगणकाच्या छापील दृश्याशी ताडून पाहणारा परीक्षक योग्य उत्तरास चूक ठरवू शकतो. इतिहासाचा किंवा पुरातत्त्वाचा अभ्यासक अशा दृश्यावर पट्टी ठेवून वास्तूची मापे घेऊ लागला, तर त्याची उंची व रुंदी १८ टक्क्यांहून अधिक कमी भरेल. याकरिता तीन दक्षता सुचवाव्याशा वाटतात. प्रश्नपत्रिकेत प्रक्षेप अपेक्षित आहे की आरेखन, हे स्पष्ट लिहावे. संगणकीय दृश्य हाती आरेखनाशी जुळवावयाचे असल्यास त्या दृश्याचे प्रमाण १.२२४७ पट करावे. तसेच आकृतीखाली तिचा प्रकार नमूद करून मापे आकड्यांतच द्यावीत.

निष्कर्ष

घनप्रतिकृतीपासून मिळणारे आयसोमेट्रिक दृश्य हा खरा प्रक्षेप असतो. आपल्या सवयीचे हाती आरेखन ही त्याची सोयीस्कर, विस्तारित आवृत्ती होय. दोन्ही ग्राह्य आहेत, मात्र कोणती आकृती आपल्यासमोर आहे हे जाणूनच तिचे वाचन व्हावयास हवे. आज्ञा देऊन दृश्य मिळविणे सुलभ झाले असताना ०.८१६५ या गुणोत्तराची उपपत्ती वर्गात एकदा तरी फळ्यावर मांडणे म्हणूनच अगत्याचे आहे.